घर एकाचे, सामान दुसऱ्याचे : घरमालक आणि भाडेकरूंसाठी घरविमा

पिकाचा विमा उतरवणे ही अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे. पंतप्रधान पीकविमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली आणि पीकविम्याची भरपाई, त्याचे निकष, पंचनामे हे गावोगावच्या पारावरील चर्चेचे विषय बनले. मात्र ज्या घरात हा शेतकरी राहतो, किंवा जे घर त्याने भाड्याने दिले आहे, त्या घराचा विमा उतरवल्याचे क्वचितच आढळते. शहरातील परिस्थितीही फारशी निराळी नाही. कर्ज देताना बँकेने आग्रह धरला म्हणून काढलेली पॉलिसी सोडली, तर घरविमा हा मध्यमवर्गीय अंदाजपत्रकातील दुर्लक्षित विषय आहे. भाडेकरूच्या बाबतीत तर ‘घर आपले नाही, मग विमा कशाचा?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. या प्रश्नातच एक मोठा गैरसमज दडलेला आहे.

पुणतांब्याचे उदाहरण

राहाता तालुक्यातील पुणतांबा हे गोदावरीच्या काठावर वसलेले जुने गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे ते तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले जाते, दौंड-मनमाड लोहमार्गावरील शिर्डीकडे फाटा फुटणारे जंक्शन म्हणून प्रवाशांना ठाऊक असते, आणि १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाची हाक येथूनच दिली गेल्याने त्याचे नाव देशभर पोहोचले. गोदाकाठच्या अशा जुन्या गावांत पांढऱ्या मातीचे, विटांचे आणि सागवानी खण असलेले वाडे आजही उभे आहेत. घरातील पुढची पिढी शिक्षण व नोकरीनिमित्त पुणे, नाशिक, मुंबईला जाते. मागे राहिलेल्या वाड्याचे दोन-तीन भाग करून ते शिक्षकाला, बँकेतील कर्मचाऱ्याला किंवा शिर्डीला रोज ये-जा करणाऱ्या कुटुंबाला भाड्याने दिले जातात.

या व्यवस्थेची एक बाजू सहसा लक्षात येत नाही. पुणतांब्यातील वाड्याचा मालक पुण्यात स्वतः भाड्याच्या सदनिकेत राहत असू शकतो. म्हणजे तो एकाच वेळी घरमालकही असतो आणि भाडेकरूही. गावाकडील छप्पर त्याचे असते, त्याखालचे सामान दुसऱ्याचे. शहरात सामान त्याचे असते, छप्पर दुसऱ्याचे. दोन्ही ठिकाणी त्याचे नुकसान होऊ शकते, मात्र ते वेगवेगळ्या प्रकारचे असते. घरविम्याचे सारे शास्त्र या एका भेदावर उभे आहे.

पुणतांब्याच्या बाबतीत जोखीम काल्पनिक नाही. नाशिक जिल्ह्यातील गंगापूर, दारणा आदी धरणांतून सोडलेले पाणी नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यातून गोदापात्रात येते आणि कोपरगाव, पुणतांबा करीत जायकवाडीकडे जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये नाशिकला महापूर आला, तेव्हा खालच्या अंगाच्या नदीकाठच्या वस्त्यांनाही त्याची झळ पोहोचली. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने गोदावरी खोऱ्यात, विशेषतः मराठवाड्यात, शेतीबरोबर घरांचेही मोठे नुकसान केले. पुराखेरीज जुन्या लाकडी बांधकामाला विजेच्या तारांतील दोषामुळे लागणारी आग हा धोका बारमाही आहे.

सरकारी मदत आणि तिची मर्यादा

‘काही झाले तर सरकार मदत करतेच’ हा दुसरा समज. मदत मिळते हे खरे. पण ती नुकसानभरपाई नसून तातडीचा आधार असतो. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरवलेल्या निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्णतः पडलेल्या घरासाठी १ लाख २० हजार रुपये, तर किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० आणि कच्च्या घरासाठी ४,००० रुपये अशी तरतूद होती. घर वाहून गेलेल्या, पूर्ण पडलेल्या किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिलेल्या कुटुंबाला कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी व गृहोपयोगी वस्तूंसाठी २,५०० रुपये देय होते. काही प्रसंगी राज्य सरकार यात वाढ करते.

या आकड्यांकडे भाडेकरूच्या नजरेने पाहिले, तर चित्र स्पष्ट होते. पडलेल्या घराची मदत घराच्या मालकासाठी असते. भाडेकरूच्या वाट्याला येते ती कपडे आणि भांड्यांपुरती रक्कम. ज्या कुटुंबाचा फ्रिज, धुलाई यंत्र, शिलाई यंत्र, पलंग, कपाट आणि मुलांचा संगणक एका रात्रीत चिखलात गेला, त्याला पाच हजार रुपयांत संसार पुन्हा उभा करणे शक्य नसते.

‘भारत गृहरक्षा’ : प्रमाणित पॉलिसी

घरविम्यासाठी पूर्वी ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ ही आगीच्या विम्याची सर्वसाधारण पॉलिसी वापरली जाई. कारखाना, गोदाम आणि घर यांना जवळजवळ एकच मसुदा लागू असल्याने सामान्य ग्राहकाला तो समजत नसे. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने घरांसाठी स्वतंत्र, सोप्या भाषेतील प्रमाणित पॉलिसी तयार केली आणि १ एप्रिल २०२१ पासून आगीचा व तत्सम जोखमींचा विमा देणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती देणे बंधनकारक केले. तिचे नाव ‘भारत गृहरक्षा’. कंपनी कोणतीही असली तरी मूळ मसुदा एकच असतो. हप्त्याचा दर, सेवा आणि जोडीची संरक्षणे यांत मात्र फरक पडतो.

या पॉलिसीत पुढील कारणांनी होणारे नुकसान समाविष्ट आहे : आग, स्फोट, वीज पडणे, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर व जलमय होणे, जमीन खचणे, दरड कोसळणे, वणवा, बाहेरील वस्तूचा (वाहन, झाड इत्यादी) आघात, दंगल व संप, दुष्ट हेतूने केलेली नासधूस, दहशतवादी कृत्य, पाण्याच्या टाक्या व नळ फुटणे किंवा ओसंडणे. यांपैकी एखादी घटना घडल्यावर तिचाच परिणाम म्हणून सात दिवसांच्या आत झालेली चोरीही यात येते. पूर आला म्हणून घर सोडावे लागले आणि मागे सामान चोरीस गेले, अशा प्रसंगी हे कलम उपयोगी पडते.

इमारतीची विमा रक्कम ठरवण्याची पद्धत सोपी आहे. घराचे चटई क्षेत्रफळ गुणिले पॉलिसी सुरू होताना असलेला बांधकामाचा प्रचलित दर. यात जागेची किंमत धरली जात नाही, कारण आगीत किंवा पुरात जमीन नष्ट होत नाही. उदाहरणादाखल ६०० चौरस फुटांच्या घरासाठी २,००० रुपये दर धरला, तर विमा रक्कम १२ लाख रुपये होते. बाजारात या घराला जागेसह ३० लाख मिळत असले तरी विमा १२ लाखांचाच असतो. बाजारभावाने विमा उतरवून अधिक हप्ता भरण्यात काहीच लाभ नसतो.

पॉलिसी एक ते दहा वर्षांसाठी घेता येते. बांधकामाचा खर्च वाढत जातो, हे लक्षात घेऊन विमा रक्कम दर वर्षी मूळ रकमेच्या १० टक्क्यांनी आपोआप वाढते. वाढीची कमाल मर्यादा मूळ रकमेइतकीच, म्हणजे १०० टक्के आहे. वरील उदाहरणात १२ लाखांचे दुसऱ्या वर्षी १३ लाख २० हजार आणि तिसऱ्या वर्षी १४ लाख ४० हजार होतात. हप्त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्यविम्याला मिळालेली करमाफी घरविम्याला लागू नाही.

आणखी एक महत्त्वाची सुधारणा म्हणजे अल्पविम्याची कपात रद्द होणे. पूर्वी १० लाखांच्या घराचा विमा ५ लाखांचा असेल आणि नुकसान २ लाखांचे झाले, तर प्रमाण लावून १ लाखच मिळत. ‘भारत गृहरक्षा’त ही कपात होत नाही, विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण नुकसान मिळते. अर्थात क्षेत्रफळ वा वापर यांविषयी खोटी माहिती दिल्यास या सवलतीचा आधार राहत नाही.

सामान कोणाचे, विमा कोणाचा?

इमारतीचा विमा उतरवला की घरातील सर्वसाधारण सामानाचा विमा आपोआप मिळतो. त्याची यादी द्यावी लागत नाही. रक्कम इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपये. १२ लाखांच्या घरासाठी ती २ लाख ४० हजार होते. सामान याहून मोलाचे असेल, तर तपशील देऊन आणि जादा हप्ता भरून मर्यादा वाढवता येते.

येथेच घरमालक आणि भाडेकरू या दोघांचीही गफलत होते. मालकाच्या पॉलिसीतील हे सामान म्हणजे मालकाचे सामान. त्याने भाडेकरूला वापरायला दिलेले पंखे, गिझर, कपाट, पलंग यांचा त्यात समावेश होऊ शकतो. भाडेकरूने स्वतः आणलेल्या वस्तूंचा होत नाही. विमा ज्याच्या नावाने असतो, त्याचा त्या वस्तूत आर्थिक हितसंबंध असावा लागतो. भाडेकरूचा दूरचित्रवाणी संच जळाल्याने मालकाचे काही नुकसान होत नाही, म्हणून मालकाला त्याची भरपाई मागता येत नाही. ‘मालकाने विमा काढला आहे’ हे ऐकून भाडेकरूने निर्धास्त राहणे म्हणूनच धोक्याचे आहे.

भाडेकरूला इमारतीशिवाय केवळ सामानाची पॉलिसी घेता येते. हप्ता विमा रकमेवर अवलंबून असल्याने आणि त्यात इमारतीचे मूल्य नसल्याने तो तुलनेने कमी असतो. घर बदलले तर नव्या पत्त्याची नोंद पॉलिसीवर करून घेणे आवश्यक असते. जुन्या पत्त्यावर काढलेला विमा नव्या घरातील सामानाला आपोआप लागू होत नाही.

दागिने, चांदीची भांडी, चित्रे, पुरातन वस्तू यांसाठी वेगळे ऐच्छिक संरक्षण आहे. ते उभयपक्षी मान्य केलेल्या मूल्यावर दिले जाते. एकूण रक्कम ५ लाखांपर्यंत आणि एकेका वस्तूची किंमत १ लाखापर्यंत असल्यास मूल्यांकन प्रमाणपत्र लागत नाही. रोख रक्कम, नाणी, धनादेश, रोखे, दस्तऐवज, हस्तलिखिते आणि वाहने यांना मात्र सर्वसाधारणपणे संरक्षण नाही.

बुडालेले भाडे आणि पर्यायी निवारा

आग किंवा पुरानंतर घर राहण्यास अयोग्य ठरले, तर दोघांनाही दुसरा फटका बसतो. मालकाचे भाडे थांबते. भाडेकरूला तातडीने दुसरे घर शोधावे लागते आणि ते बहुधा महाग असते. ‘भारत गृहरक्षा’त यासाठी तरतूद आहे. घर भाड्याने दिलेले असल्यास मालकाला बुडालेल्या भाड्याची भरपाई मिळते. विमेदार स्वतः भाडेकरू असून त्याला पर्यायी घरासाठी जास्त भाडे द्यावे लागत असल्यास दोन भाड्यांतील फरक मिळतो. हे संरक्षण दुरुस्तीला लागणाऱ्या वाजवी कालावधीपुरते असते आणि त्याची कमाल मुदत तीन वर्षे आहे. घर राहण्यास अयोग्य असल्याचे वास्तुविशारदाचे किंवा स्थानिक प्राधिकरणाचे प्रमाणपत्र लागते.

समजा, पुणतांब्यातील भाडेकरू दरमहा ४,००० रुपये भाडे देतो आणि वाडा जळाल्यावर त्याला ६,५०० रुपयांची खोली घ्यावी लागली. दुरुस्तीला आठ महिने लागल्यास फरकाची रक्कम २० हजार होते, आणि त्याच आठ महिन्यांत मालकाचे ३२ हजारांचे भाडे बुडते. हे दोन्ही दावे परस्परांहून स्वतंत्र आहेत. पॉलिसी घेताना भाड्यासाठीची रक्कम विमापत्रकात नोंदली आहे का, आणि केवळ सामानाच्या पॉलिसीत हे कलम लागू होते का, हे भाडेकरूने आधीच विचारून घ्यावे.

भाडेकरूने भाडे थकवले किंवा घर सोडून निघून गेला, तर ते नुकसान या विम्यात येत नाही. त्यासाठी अनामत रक्कम आणि करार हीच साधने आहेत.

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर चांगल्या दुरुस्त स्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. कलम ५५ नुसार भाडेकरार, तसेच ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध न झाल्यास, ग्राह्य धरले जाते. विम्याच्या दाव्यात भाडे किती होते आणि कोण कोणत्या भागात राहत होते, हे दाखवण्यासाठीही हाच नोंदणीकृत करार उपयोगी पडतो. गावाकडे तोंडी बोलीवर घर देण्याची प्रथा आहे. तिथे बुडालेल्या भाड्याचा दावा सिद्ध करणे अवघड होऊन बसते.

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ असे सांगते की, आग, वादळ, पूर यांसारख्या अनिवार कारणाने भाड्याची मिळकत वापरास कायमची अयोग्य झाली, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूकडे असतो. नुकसान त्याच्याच चुकीने झाले असल्यास हा पर्याय मिळत नाही. हा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शाहा रतनसी खिमजी प्रकरणात स्पष्ट केले की, केवळ इमारत नष्ट झाल्याने भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. वाडा पडला म्हणजे जागा मोकळी झाली, या समजुतीवर हिशेब मांडणाऱ्या मालकाने हे ध्यानात ठेवावे. पुनर्बांधणीचा खर्च त्याला करावाच लागण्याची शक्यता असते आणि त्यासाठी विम्याची रक्कम हाच खात्रीचा स्रोत ठरतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारात भाडेपट्ट्याचा हक्क निर्माण होत नसल्याने तेथे करारातील अटी निर्णायक ठरतात.

भाडेकरूने जाणून घ्यावी अशी आणखी एक बाब म्हणजे विमा कंपनीचा वसुलीचा हक्क. भाडेकरूच्या निष्काळजीपणामुळे आग लागली आणि कंपनीने मालकाला भरपाई दिली, तर मालकाच्या जागी उभी राहून कंपनी ती रक्कम भाडेकरूकडून मागू शकते. म्हणजे मालकाचा विमा भाडेकरूचे रक्षण तर करीत नाहीच, उलट प्रसंगी त्याच्याविरुद्ध दावाही उभा करू शकतो. यावर उपाय म्हणून भाडेकरूने तृतीय पक्षाच्या दायित्वाचे जोड-संरक्षण घ्यावे किंवा करार करताना या मुद्द्याची चर्चा करावी. घराचा विमा कोणी काढायचा, सामानाचा कोणी, आणि वायरिंगची तपासणी कोणाकडे, या तीन ओळी करारात असल्या तर पुढचे बरेच वाद टळतात.

काय मिळत नाही?

घरविमा नावानिशी सांगितलेल्या घटनांपुरताच असतो. वाळवी, ओल, झीज, जुनेपणामुळे वाडा खचणे यांची भरपाई मिळत नाही. पांढऱ्या मातीच्या भिंतींबाबत येथेच वाद उद्भवतात. पुराचे पाणी घरात शिरून भिंत कोसळली, तर दावा सरळ असतो. पण अनेक दिवसांच्या पावसाने मुरलेली भिंत एके रात्री पडली, तर कारण पाऊस की जीर्णता, असा प्रश्न सर्वेक्षक उपस्थित करतो. म्हणून प्रस्तावपत्रात भिंती, छप्पर आणि बांधकामाचे वय खरे लिहावे, पावसाळ्यापूर्वी केलेल्या डागडुजीच्या पावत्या जपाव्यात आणि पाणी साचल्याची छायाचित्रे लगेच काढावीत. गवत, बांबू, ताडपत्री यांचे छप्पर वा भिंती असलेले बांधकाम कच्चे मानले जाते. त्याचा विमा कोणत्या अटींवर मिळेल, हे कंपनीला आधीच विचारावे.

विजेच्या उपकरणात अंतर्गत शॉर्टसर्किट होऊन तेच उपकरण बिघडले, तर त्याची भरपाई नसते. त्यातून आग पसरून इतर वस्तू जळाल्या, तर त्यांची असते. घरफोडी मूळ पॉलिसीत नाही. त्यासाठी जोड-संरक्षण किंवा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते आणि सहसा कडीकोयंडा तोडल्याच्या खुणा दाखवाव्या लागतात. घर दीर्घकाळ बंद ठेवायचे असल्यास कंपनीला कळवून लेखी मान्यता घेणे हिताचे. जुन्या पॉलिसीत ३० दिवसांहून अधिक काळ रिकाम्या राहिलेल्या इमारतीचे संरक्षण थांबत असे.

गावाकडे घराचा वापर केवळ राहण्यापुरता नसतो. वाड्याच्या दर्शनी भागात दुकान असते, पडवीत कांदा किंवा सोयाबीन साठवलेले असते. विक्रीचा माल आणि शेतमाल हे घरगुती सामान नव्हे. दुकानासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. ती एका ठिकाणच्या ५ कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी घेता येते.

मालकीची कागदपत्रे

वडिलोपार्जित वाड्याचा विमा उतरवताना अडचण येते ती नावाची. ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदवहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, आजोबांचे नाव तसेच राहिलेले असते आणि वारस चार शहरांत विखुरलेले असतात. एका भावाने स्वतःच्या नावाने संपूर्ण वाड्याचा विमा काढला, तर दाव्याच्या वेळी त्याचा हिस्सा किती, हा प्रश्न निघू शकतो. सर्व सहमालकांची नावे पॉलिसीत घालणे हा उत्तम मार्ग. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जातात. ती मिळाली असल्यास क्षेत्रफळ आणि मालकी दोन्ही दाखवणे सोपे होते.

शहरातील सदनिकाधारकांसाठीही एक सूचना आवश्यक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत संस्थेने इमारतीचा आग व भूकंपाचा विमा उतरवावा, अशी तरतूद आहे. तो विमा इमारतीचा असतो. सदनिकेतील सामानाचा नसतो. तसेच गृहकर्जाबरोबर घेतलेला विमा नेमका कशाचा, हे तपासावे. कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा आयुर्विमा आणि घराचा विमा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दावा कसा करावा?

१. जीव आणि उरलेले सामान वाचवण्याचे प्रयत्न प्रथम करावेत. नुकसान वाढू नये यासाठी वाजवी काळजी घेणे हे विमेदाराचे कर्तव्यच आहे.

२. कंपनीला विनाविलंब कळवावे आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. आग, दंगल वा चोरी असल्यास पोलिसांत आणि आगीबाबत अग्निशमन दलाकडे नोंद करावी. पूर असल्यास महसूल विभागाच्या पंचनाम्याची प्रत मिळवावी.

३. सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत खराब झालेले सामान फेकू नये. आरोग्याच्या दृष्टीने हलवावेच लागल्यास आधी छायाचित्रे व चित्रफीत काढावी.

४. मालकाने इमारतीचा आणि भाडेकरूने सामानाचा, असे स्वतंत्र दावे करावेत. एकाच्या अर्जात दुसऱ्याचे सामान घातल्यास दोघांचेही दावे लांबतात.

५. पावत्या नसल्यास बँकेची विवरणे, वस्तूंची जुनी छायाचित्रे, हमीपत्रे सादर करावीत. वर्षातून एकदा मोबाइलवर घरभर फिरून चित्रण करून ते नातेवाइकाकडे पाठवून ठेवले, तर पुरात कागद भिजले तरी पुरावा राहतो.

नियामक प्राधिकरणाच्या २०२४ मधील निर्देशांनुसार दाव्याची सूचना मिळाल्यापासून २४ तासांत सर्वेक्षक नेमणे, नेमणुकीपासून १५ दिवसांत त्याने अहवाल देणे आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घेणे अपेक्षित आहे. निर्णय अमान्य असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. अहिल्यानगर जिल्हा पुणे येथील लोकपालाच्या अधिकारक्षेत्रात येतो. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई मिळू शकते. मात्र कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग याखेरीज खुला आहेच.

विमा घेण्यापूर्वीचे चार प्रश्न

घरमालकाने विचारावे : घर भाड्याने दिले आहे, हे पॉलिसीत नोंदले आहे का? बुडालेल्या भाड्याची रक्कम किती धरली आहे? भाडेकरूने विचारावे : उद्या हे घर नाहीसे झाले, तर पुन्हा विकत घ्याव्या लागणाऱ्या माझ्या वस्तूंची बेरीज किती? आणि ही बेरीज कोणत्या पॉलिसीत आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘मालकाच्या’ असे येत असेल, तर ते चुकीचे आहे आणि आपल्या सामानाची स्वतंत्र पॉलिसी भाडेकरूने पावसाळ्यापूर्वीच घेतलेली बरी. नदीला पाणी आल्याचा भोंगा वाजल्यावर घेतलेल्या पॉलिसीने समोर आलेला पूर भरून निघत नसतो.